ई-फॉइल : माणूस पडला की मोटार थांबलीच पाहिजे, पण कोणत्या भरवशावर?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. सोलापुरात आम्ही तिघं मिळून एक ई-फॉइल बांधतोय. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सर्फबोर्डसारखी फळी, तिच्या पोटाखाली पाऊण मीटरचा उभा खांब, खांबाच्या टोकाला पंख आणि पंखांजवळच विजेची मोटार नि प्रोपेलर. वेग आला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात आणि माणूस पाण्याला न टेकता पुढं जातो. हातात एक वायरलेस रिमोट असतो. त्याचा ट्रिगर दाबला की मोटार फिरते.

आमची बॅटरी १४ सेल सिरीजची आहे, पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.८ व्होल्ट. मोटार साधारण ५ किलोवॅटची, म्हणजे साडेसहा एचपीच्या पुढं. विहिरीवर ५ एचपीची मोटार बसवलेल्यांना ही ताकद किती ते सांगायला नको. ईएससी (बॅटरीचा करंट मोजून-मापून मोटारीला देणारा कंट्रोलर) व्हेस्क जातीचा, रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा. फळी आणि बॅटरीची पेटी तयार आहे. आता काम थांबवलंय ते सेफ्टीसाठी, आणि इथं घाई करायची नाही असं तिघांचंही ठरलंय.

प्रोपेलरचा व्यास १६० मिलिमीटर. तो मिनिटाला ३००० फेरे घेतो असं धरलं तर पात्याचं टोक सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरने फिरतं. पात्याभोवती कडं (गार्ड) घालणारच आहोत, पण कडं घातलं तरी बोट आत जातंच. तेव्हा प्रश्न सरळ आहे. माणूस पडल्या क्षणी मोटार आपोआप थांबायला हवी. ट्रिगर सोडला की शून्य होतं, रेडिओ तुटला की बंद होतं. एवढं पुरेसं आहे का? का पायाला चुंबकाची दोरीही हवीच (दोरीचं एक टोक स्वाराला, दुसऱ्या टोकाचा चुंबक फळीवर; माणूस पडला की चुंबक सुटतो आणि मोटार बंद)? आणि कलंडल्यावर बंद करणारा सेन्सर?

२.४_गिगा

अभिनंदन! सोलापुरात हे कुणी करतंय याचाच आनंद झाला.

माझं मत: रेडिओ पाण्यातून जात नाही, हीच मोठी सेफ्टी आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर गोड्या पाण्यातसुद्धा काही सेंटिमीटरमध्ये विरते. माणूस पडला, हात बुडाला, लिंक तुटली, मोटार बंद. वर ट्रिगर सुटलेला असतोच. दोरी म्हणजे पायात अडकायची आणखी एक वस्तू.

एक मात्र नक्की तपासा. रिसीव्हरचा फेलसेफ (लिंक तुटल्यावर काय करायचं ते सेटिंग) 'होल्ड'वर नको. काही रिसीव्हर लिंक तुटल्यावर शेवटचा मिळालेला थ्रॉटल (मोटारीच्या जोराचा हुकूम) तसाच धरून ठेवतात. विमान उडवताना कुणाला ते सोयीचं वाटेल, इथं तो जीवावरचा खेळ आहे. फेलसेफला पल्स पूर्ण बंद व्हावी किंवा थ्रॉटल शून्यावर यावा, आणि ते सेटिंग रिसीव्हरला शिकवल्यावर प्रत्यक्ष रिमोट बंद करून बघा.

भीमाकाठ

'होल्ड'चा मुद्दा नोंदवला, धन्यवाद. त्याच्याच पुढचं: व्हेस्कमध्ये सिग्नल गेल्यावर मोटार सोडायचा टाइमआउट मुळात १००० मिलिसेकंद असतो. ताशी ३० किलोमीटरला सेकंदाला ८.३ मीटर होतात. म्हणजे लिंक तुटल्यावरही फळी आठ मीटर जोर लावत जाणार. ४०० वर आणलं तर साडेतीन मीटरच्या आत. आणखी खाली आणायला हरकत नाही, पण मग रेडिओचा बारीकसा खंड पडला तरी धावत्या फळीचा जोर अचानक जाईल आणि स्वार पुढं फेकला जाईल.

पोहणारी

मला मोटारीतलं कळत नाही, पण पाण्यात पडणारी माणसं रोज बघते. मी पोहायला शिकवते.

तुम्ही दोघंही धरून चाललाय की पडताना माणूस ट्रिगर सोडतो आणि हात पाण्याखाली जातो. नवखा माणूस याच्या बरोबर उलट करतो. हातात जे असेल ते तो घट्ट आवळतो आणि तो हात वर, पाण्याबाहेर काढतो. श्वासासाठी धडपडताना हात वर जाणं हे शिकवून जात नाही, पुष्कळ सरावाने जातं. लाइफ जॅकेट घातलेलं असलं तर छाती आणि हात वरच राहणार.

म्हणजे ट्रिगर दाबलेला आणि रिमोट हवेत. तुमच्या दोन्ही सेफ्टी एकाच वेळी, एकाच कारणाने गेल्या. मी तुमच्या जागी असते तर हाताशी संबंध नसलेलं काहीतरी तिसरं लावल्याशिवाय पाण्यात उतरले नसते.

२.४_गिगा

हे डोक्यात आलं नव्हतं. पटलं. हवेत धरलेला रिमोट तर उलट जास्त लांबून लागतो.

सेन्सरवेडा

पोहणारी ताईंच्या प्रतिसादाला +१००. त्यात आणखी भर: स्वाराचं वजन गेलं की तोच जोर हलक्या फळीला मिळतो. पंख तिला वर उचलतात, पंख पाण्याबाहेर येतात आणि फळी कुठल्याही बाजूला आपटते. प्रोपेलर हवेत आला की त्याला पाण्याचा विरोध नाही, फेरे आणखी वाढतात. आणि ही आपटणारी फळी माणसापासून दोन-चार मीटरवरच असते.

चिंचोळी_पॅनेल

मी पंपांचे आणि कारखान्यांचे पॅनेल बनवतो. धागा कालपासून वाचतोय, जरा सविस्तर लिहितो.

आपल्या शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज आहे तोवर कॉइल कॉन्टॅक्टर (मोटारीची लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी कुणीतरी हिरवं बटन दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. चालू राहण्यासाठी सतत काहीतरी यावं लागतं, आणि थांबल्यावर आपणहून सुरू व्हायची मुभा नाही, ही दोन तत्त्वं त्या छोट्या डब्यात आहेत. मग रात्रीच्या लाइटसाठी शेतकरी त्याला ऑटो स्विच लावतो आणि दुसरं तत्त्व मारून टाकतो. महावितरण कितीदा सांगतं की ऑटो स्विच काढा. तुमच्या फळीत कुठंही असा ऑटो स्विच राहू देऊ नका.

आता चुंबकाच्या दोरीची जोडणी. रीड स्विच घ्या, सीसीटीव्हीच्या दुकानात दाराला लावायचा सेन्सर म्हणून मिळतो तोच. चुंबक जवळ असताना त्याचा संपर्क जुळलेला, चुंबक गेला की सुटलेला. व्हेस्कच्या ॲप सेटिंगमध्ये किल स्विचचा (मोटार तात्काळ बंद करणाऱ्या स्विचचा) पर्याय आहे, एडीसी-२ या इनपुट पिनवर. त्या पिनला ३.३ व्होल्टला पुल-अप रेझिस्टर (ग्राउंडला जोडलेली नसताना पिन वर, म्हणजे ३.३ व्होल्टवर धरणारा) लावा आणि रीड स्विचने ती पिन ग्राउंडला जोडा. 'हाय म्हणजे बंद' हा मोड निवडा. चुंबक जागेवर आहे तोवर पिन खाली, मोटारीला परवानगी. चुंबक ओढला, वायर तुटली, कनेक्टर निसटला, सोल्डर सुटला, काहीही झालं तरी पिन वर जाते आणि मोटार बंद. उलट जोडलंत तर तुटलेली वायर गप्प बसेल आणि ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी कळेल.

या जोडणीलाही एक आंधळी बाजू आहे. वायर कुठं चिरडून ग्राउंडला टेकली, किंवा रीडचा संपर्क चिकटून बसला, तर चुंबक काढूनही मोटार चालू राहील. रीड स्विचमधून कधीही मोठा करंट नेऊ नका, त्याचे संपर्क नाजूक असतात आणि वेल्ड होतात. काच असते ती, इपॉक्सीत नीट बसवा. आणि प्रत्येक वेळी पाण्यात जाण्याआधी काठावर चुंबक ओढून बघा. ती चाचणी टाळणार असाल तर दोरी लावूच नका, खोटा धीर येतो.

बॅटरीची मेन लाइनच तोडायची असेल तर कॉन्टॅक्टर लागेल. पण इथं एक कळकळीची विनंती: पंपाच्या पॅनेलमधला एसी कॉन्टॅक्टर उचलून लावू नका. एसीचा करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळं ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही. १०० अँपिअर तोडताना ती ठिणगी (आर्क) तशीच जळत राहते आणि संपर्क वितळून जुळतात. म्हणजे तोडायला लावलेली वस्तूच कायमची जोडून बसते, तीही लिथियम बॅटरीच्या बंद पेटीत. डीसीसाठी बनवलेला आणि तेवढ्या करंटला रेटेड असलेला कॉन्टॅक्टरच घ्या. आधी सिग्नलने मोटार बंद करा आणि पाव सेकंदाने कॉन्टॅक्टर सोडा, म्हणजे त्याला भार तोडावाच लागत नाही.

भीमाकाठ

दादा, हे प्रिंट काढून वर्कशॉपच्या भिंतीवर लावलंय. रीडचं आम्ही नेमकं उलट आखलं असतं की नाही माहीत नाही, पण आता तो प्रश्नच उरला नाही.

एक शंका. ईएससीतला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून शॉर्ट झाला तर मोटार फुल स्पीडने पळेल का? एकाने घाबरवलंय.

रिवायंडिंगवाला

ते कार्बन ब्रशच्या डीसी मोटारीचं. तिथं एक मॉस्फेट शॉर्ट झाला की बॅटरी सरळ मोटारीला, आणि मोटार सुसाट. तुमची ब्रशलेस आहे. तिला फिरायचं तर तिन्ही फेजना पाळीपाळीने करंट मिळावा लागतो. एक मॉस्फेट शॉर्ट झाला तर ती फिरत राहत नाही, उलट जाम होते, झटके देते. त्यामुळं तुमच्याकडं मोटार सुटायची भीती पॉवरच्या बाजूने कमी आणि सिग्नलच्या बाजूने जास्त. रिमोटचा ट्रिगर वाळूने अडकला, 'होल्ड' राहिलं, थ्रॉटलची रेंज उलटी शिकवली, अशा गोष्टी. तिथं लक्ष द्या.

दुसरं. बंद करताना मोटारीला ब्रेक लावायचा मोह होईल. पाण्यात असताना प्रोपेलर तसाही पाण्याच्या विरोधाने पटकन थांबतो. जोरात ब्रेक दिला तर चालत्या फळीला खालून धरल्यासारखं होऊन माणूस तोंडावर जाईल. शिवाय ब्रेकचा करंट बॅटरीकडे परत येतो. त्याच क्षणी बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) किंवा कॉन्टॅक्टरने लाइन तोडली असेल तर तो करंट जाणार कुठं? व्होल्टेज उसळून ईएससीच उडतो. टाइमआउटचा ब्रेक करंट शून्य ठेवा किंवा अगदी कमी. कंट्रोल मोड 'करंट, नो रिव्हर्स' ठेवा, म्हणजे उलट फिरायचा प्रश्नच नाही.

सेन्सरवेडा

कलंडण्याच्या सेन्सरबद्दल. तो हवा, पण तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून. कारण सांगतो.

नुसत्या ॲक्सेलरोमीटरवर (गुरुत्व आणि धक्के मोजणाऱ्या सेन्सरवर) भरवसा टाकू नका. फॉइलवर वळण घेताना माणूस आत झुकतो, फळी ३०-४० अंश कलते, पण गुरुत्व आणि वळणाचा जोर यांची बेरीज फळीच्या तळाकडेच जाते. त्यामुळं सेन्सरला वाटतं सगळं सरळ आहे. आणि लाटांवर धडधडताना तो नसलेला कल दाखवतो. जायरोची (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची) जोड देऊन कोन काढावा लागतो. मर्यादा ७५ अंशांच्या आसपास ठेवा आणि तो कल पाव-अर्धा सेकंद टिकला तरच तोडा.

आता महत्त्वाचं. कलंडून बंद झालेली मोटार लाटेने फळी सरळ केल्यावर पुन्हा सुरू होता कामा नये. कारण ती सरळ होते तेव्हा माणूस तिला पकडायला पोहत येत असतो, म्हणजे प्रोपेलरच्या दिशेनेच. बंद झालं की कुलूप. ट्रिगर पूर्ण सोडला, चुंबक काढून परत लावला, मगच परवानगी. व्हेस्कमध्ये 'सेफ स्टार्ट' चालू ठेवा, म्हणजे सुरुवातीला थ्रॉटल शून्यावर दिसल्याशिवाय मोटार हलत नाही.

आणि एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही. बहुतेक रिमोटच्या ट्रिगरमध्ये हॉल सेन्सर (चुंबकाची जवळीक ओळखणारा) आणि छोटा चुंबक असतो. तुमच्या दोरीचा निओडिमियम चुंबक त्या रिमोटजवळ गेला तर सेन्सरला ट्रिगर दाबल्याचा भास होऊ शकतो. दोरी रिमोटच्या मनगटाला बांधलीत तर चुंबक सुटून नेमका तिथंच लोंबणार. दोरी पोटरीला किंवा जॅकेटच्या पट्ट्याला बांधा.

२.४_गिगा

वा, हे घरी करून बघितलं. चुंबक ट्रिगरच्या एका बाजूने दोन बोटांवर आणला की स्क्रीनवर थ्रॉटल चढतो. सगळ्यांनी आपापल्या रिमोटवर बघा.

अँटेनाबद्दलही लिहितो. फळी कार्बनची असेल तर रिसीव्हर आत ठेवू नका, कार्बन रेडिओ अडवतो. सुरुवातीला फळी पाण्यात बुडालेली असते तेव्हा लिंक कच्ची राहील आणि तुम्ही वैतागून टाइमआउट वाढवाल. टाइमआउट वाढवण्याऐवजी अँटेना डेकच्या वरच्या अंगाला, फायबरग्लासच्या झाकणाखाली आणा.

दुबईहून_सोलापूरकर

इथं भाड्याने मिळणारे ई-फॉइल चालवलेत. पहिल्या धड्यात शिकवणारा मोटारीबद्दल काही बोलायच्या आधी पडायला शिकवतो: फळीपासून लांब, बाजूला किंवा मागे पडा, पण खांबावर नको. हेल्मेट आणि जॅकेट नसेल तर फळीला हात लावू देत नाहीत.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान आणि ३ अश्वशक्ती किंवा जास्त जोराच्या मोटारबोटींवर नियम आहे. किल स्विच बसवलेला असेल तर वेगात असताना चालकाने तो स्वतःला जोडलेला ठेवायलाच हवा. तुमची मोटार त्या ३ अश्वशक्तीच्या दुप्पट आहे. म्हणून दोरी हवी की नको हा वाद माझ्या मते इथं संपतो.

उजनी_बॅकवॉटर

राम राम. आमचं घर करमाळ्याच्या बाजूला पाण्याच्या कडंला, घरात मासेमारी. तुमी उजनीत आणणार असाल तर चार गोष्टी सांगतो.

पाण्यात जाळी असत्यात. वरून नुस्ते प्लास्टिकचे डबे नायतर थर्माकोलचे तुकडे दिसतात, कधी तेबी दिसत नाहीत. जाळं पंख्यात गुतलं की तुमची मोटार अडकणार. मग माणूस काय करतो? खाली वाकून हातानं जाळं सोडवायला लागतो. तवा ट्रिगरला धक्का लागला तर बोटं गेली. म्हणून जाळं असो का जलपर्णी, आधी ते चुंबक काढून खिशात घालायचं, बॅटरीचा प्लग काढायचा, मगच हात घालायचा. आमच्या इंजनच्या होडीलाबी आमी आधी इंजन बंद करतो, मगच पंख्याला हात लावतो.

पाणी उतरलं की बुडलेली झाडं, जुन्या भिंती वर येतात. पळसदेवचं देऊळ सगळ्यांला माहीत हाय, पण तसलं लई काय काय पाण्याखाली हाय. तुमचा खांब पाऊण मीटर खाली जातो म्हणता. काठाजवळ जाऊच नका.

आन् वारा. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी होडी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. संध्याकाळचं होतं. पाणी सपाट दिसतं म्हणून उन्हाळ्यात दुपारनंतर भरवसा ठेवू नका. तुमची मोटार मधीच बंद पडली तर फळी हातानं वल्हवत काठाला यायला लागंल, तेवढंच लांब जा. सोबत होडी घेतल्याशिवाय तर मुळीच नको. होडी आमची मिळंल.

भीमाकाठ

दादा, मनापासून आभार. होडी नक्की घेऊ, आणि पैशाचं भेटून बोलू.

मधेच बंद पडण्याचा मुद्दा आमच्या यादीत नव्हता आणि तो मोठा आहे. बीएमएस कमी व्होल्टेजवर फटकन तोडतो, तसं होऊ द्यायचं नाही. व्हेस्कमध्ये बॅटरी कटऑफचे दोन आकडे असतात: पहिल्यापासून जोर कमी व्हायला लागतो, दुसऱ्यावर शून्य. हे दोन्ही बीएमएसच्या मर्यादेच्या बरेच वर ठेवणार. गरम होण्याचंही तसंच. मॉस्फेट ८५ अंशांपासून जोर उतरवतो आणि १०० ला बंद. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळी पेटी काठावर ठेवली तर सुरुवातच गरम पेटीने होईल, म्हणून वरचं झाकण पांढरं रंगवलंय आणि फळी सावलीतून थेट पाण्यात जाईल. माणसाच्या सुरक्षेसाठी मोटार एका क्षणात थांबावी, आणि यंत्राच्या सुरक्षेसाठी मात्र हळूहळू, स्वाराला कळेल अशी, असं आम्ही ठरवलंय.

प्रोपेलर काढून स्टँडवर घेतलेल्या चाचण्या अशा: मंद थ्रॉटल ठेवून रिमोट पाण्याच्या बादलीत बुडवला. रिमोटची पॉवर बंद केली. चुंबक ओढला. रीडची वायर मुद्दाम कापली. फळी कुशीवर टाकली आणि ट्रिगर दाबलेला ठेवूनच सरळ केली. ट्रिगर दाबून ठेवून बॅटरी जोडली. प्रत्येक वेळी मोबाइलवर २४० फ्रेमचं स्लो मोशन घेतलं, एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. शेजारी एक एलईडी रीडवरच लावला होता, त्यामुळं चुंबक सुटल्याची फ्रेम आणि शाफ्ट थांबल्याची फ्रेम मोजता येते. दोरीचा मार्ग रेडिओपेक्षा उघड जलद आहे, कारण तिथं टाइमआउटची वाट बघावी लागत नाही. पाण्याने थंड होणारी मोटार कोरडी चालवायची म्हणून प्रत्येक चाचणी काही सेकंदांचीच ठेवली.

चिंचोळी_पॅनेल

वायर कापून बघितलीत हे फार आवडलं. आता तीच वायर ग्राउंडला टेकवूनही बघा. मोटार बंद होणार नाही, पण होणार नाही हे तिघांनीही डोळ्यांनी बघायला हवं.

यावर उपाय हवा असेल तर दोन रीड स्विच लावा, एक एडीसी-२ वर आणि दुसरा कॉन्टॅक्टरच्या रिलेवर, वायरी वेगवेगळ्या बाजूंनी नेऊन. चुंबक एकच. एक मार्ग शॉर्ट झाला तरी दुसरा तोडेल.

भीमाकाठ

करतो. पेटीत जागा आहे.

पोहणारी

चुंबक किती जोराने सुटतो ते बघितलंत का? गुडघे वाकवून तोल सावरताना सुटला तर लोक वैतागून त्याला टेप लावतील. आणि पडूनही नाही सुटला तर काय उपयोग. दोरीची लांबी प्रत्येक स्वाराच्या उंचीप्रमाणे वेगळी लागेल. काठावर फळीवर उभं राहून, बसून, पोटावर झोपून बघा. सुरुवात तर सगळे पोटावरच करतात.

आणि एक सुटा चुंबक कुणाच्या खिशात राहू देऊ नका. काठावर पोरं असतात, कुणीतरी 'चालू होतंय का बघू' म्हणून लावेल.

भीमाकाठ

गुंडाळीची, ताणणारी दोरी घेतलीय आणि ती कमी-जास्त करायला बकल लावतोय. सुटा चुंबक एकच राहील, तो सोबतच्या होडीत, दादांकडे.

उजनी_बॅकवॉटर

चालंल. पण कागद आणा आधी. जलाशय जलसंपदा खात्याचा हाय, परवानगी नसंल तर मी होडी काढणार नाही, स्पष्ट सांगतो.

भीमाकाठ

अर्ज तयार आहे, सोबत या धाग्यातली जोडणी आणि चाचण्यांचे व्हिडिओ जोडतोय. कागद हातात येईपर्यंत स्टँडवरच काम. दुसऱ्या रीडची आकृती उद्या इथं टाकतो. चिंचोळीच्या दादांनी रिलेची बाजू तपासून सांगावी.